पांढरी ताटली आणि अथांग सागर

फादर आंजेलो सेक्की, येशूसंघ (१८१८ ते १८७८)



या पानावर आपण संतांची चरित्रे नेहमी वाचतो. आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे, त्यांना ख्रिस्तसभेने संतपद दिलेले नाही. ते एका सुताराचे पुत्र, येशूसंघाचे व्रतस्थ धर्मगुरू आणि आपल्या काळातील जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांचे नाव फादर आंजेलो सेक्की. सारे आयुष्य त्यांनी आकाशातील तारे पाहण्यात घालवले. पण १८६५ साली काही आठवडे त्यांनी नजर खाली वळवली आणि समुद्रात दोरीने एक पांढरी ताटली सोडली. पाणी किती नितळ आणि किती गढूळ आहे, हे मोजण्यासाठी आजही जगभर जी साधी तबकडी वापरतात, तिला त्यांचेच नाव आहे. तिला सेक्की तबकडी म्हणतात.

समुद्राचे आपल्याला काय, असे कोणाला वाटेल. आपल्या वढू बुद्रुकपासून समुद्र दूर आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, समुद्रामुळे नव्हे. पण गावाशेजारून भीमा वाहते. थोड्या वरच्या अंगाला तुळापूरला तिला इंद्रायणी मिळते. खाली शिरूर आणि दौंडच्या शिवेवर मुळा-मुठा मिळते. मग उजनी धरण, पंढरपूर आणि कृष्णेशी संगम असे करत हे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. आपल्या ओढ्यातला गाळ आणि आपल्या मोरीतले सांडपाणी, दोन्हींची वाट तिकडेच जाते. म्हणून पाण्याची पारख करायला शिकवणाऱ्या या धर्मगुरूंची गोष्ट आपल्याही उपयोगाची आहे.

सुताराच्या घरातून

आंजेलो यांचा जन्म जून १८१८ मध्ये उत्तर इटलीतील रेज्जो एमिलिया या शहरात झाला. वडील अंतोनियो सुतारकाम करीत. आई लुईजा व्यवहारी बाई होत्या. मुलाच्या हाताला काम करण्याची सवय हवी, म्हणून त्यांनी त्याला शिवणटिपण आणि विणकामसुद्धा शिकवले, असे सांगतात. पुढे नाजूक यंत्रे स्वतःच्या हाताने जुळवणाऱ्या या शास्त्रज्ञाला ते शिक्षण नक्कीच उपयोगी पडले असेल.

गावातील येशूसंघीयांच्या शाळेत शिकून, पंधरा वर्षांचे असताना, नोव्हेंबर १८३३ मध्ये त्यांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश केला. गणित आणि पदार्थविज्ञानात त्यांची बुद्धी तल्लख होती. मरियामातेच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेल्या लोरेतो येथे त्यांनी काही वर्षे विज्ञान शिकवले. मग ते ईशज्ञानाच्या अभ्यासासाठी रोमला परतले आणि १८४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

गुरुदीक्षेला वर्षही झाले नव्हते, तोच संकट आले. १८४८ साली युरोपभर क्रांतीचे वारे सुटले. रोममधून येशूसंघीयांना बाहेर पडावे लागले. तरुण फादर सेक्की आधी इंग्लंडमधील स्टोनीहर्स्टला गेले आणि त्याच वर्षी जहाजाने अमेरिकेला, वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाऊन येथील येशूसंघाच्या महाविद्यालयात पोहोचले. घर सुटले, देश सुटला, भाषाही परकी झाली. पण ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. तिथल्या वेधशाळेत त्यांनी काम केले आणि विजेच्या मोजमापावर एक शोधनिबंध लिहिला. तो १८५२ साली अमेरिकेतील प्रसिद्ध स्मिथसोनियन संस्थेने छापला.

याच मुक्कामात त्यांची मॅथ्यू मॉरी यांच्याशी ओळख झाली. मॉरी हे अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे प्रमुख होते. शेकडो जहाजांच्या रोजनिशा गोळा करून, कोणत्या महिन्यात कुठे कोणता वारा वाहतो आणि प्रवाह कसे असतात, याचे नकाशे त्यांनी बनवले होते. एकेका खलाशाने केलेली छोटी नोंद नीट लिहिलेली असेल, तर हजारो नोंदी मिळून समुद्राचे चित्र उभे राहते, हे मॉरी यांच्या कामाने जगाला दाखवले. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू या. ती पुढे पुन्हा येणार आहे.

नसलेल्या घुमटाखाली

रोममधील परिस्थिती निवळल्यावर फादर सेक्की परतले आणि १८५० साली रोमन कॉलेजच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. रोमन कॉलेज म्हणजे संत इग्नेशियस यांनी स्थापन केलेली येशूसंघाची मोठी शिक्षणसंस्था. आज आपल्या भिंतीवर जे कॅलेंडर लटकते, त्याच्या १५८२ सालच्या सुधारणेत मोठा वाटा असलेले फादर क्लाव्हियस याच संस्थेत शिकवीत.

वेधशाळेसाठी फादर सेक्की यांनी जागा शोधली, ती शेजारच्या संत इग्नेशियस चर्चच्या माथ्यावर. या चर्चला मोठा घुमट बांधायचे ठरले होते आणि त्यासाठी दणकट खांबही उभे केले होते. पण घुमट कधी झालाच नाही. १६८५ साली बंधू आंद्रेआ पोत्सो यांनी कापडावर असा हुबेहूब घुमट रंगवला, की खालून पाहणाऱ्याला तो खराच वाटतो. फादर सेक्की यांनी विचार केला की, एवढा मोठा घुमट पेलण्यासाठी बांधलेले खांब दुर्बिणीला मुळीच हलू देणार नाहीत. तिथेच त्यांनी आपली नवी वेधशाळा उभारली. खाली मिस्सा चाले आणि वर ताऱ्यांचे निरीक्षण.

इथे त्यांनी जे काम केले, त्यामुळे त्यांचे नाव विज्ञानाच्या इतिहासात कायमचे लिहिले गेले. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला की त्याचा इंद्रधनुष्यासारखा पट्टा उमटतो. त्या पट्ट्यावरील रेषा पाहून त्यांनी सुमारे चार हजार तारे तपासले आणि त्यांचे गट पाडले. ताऱ्यांचे असे मोठ्या प्रमाणावर वर्गीकरण प्रथम त्यांनीच केले. १८६० सालच्या खग्रास सूर्यग्रहणाला ते स्पेनला गेले. तिथे घेतलेल्या छायाचित्रांतून, सूर्याच्या कडेला दिसणाऱ्या ज्वाला खरोखर सूर्याच्याच असतात, हे सिद्ध होण्यास मदत झाली.

पोप महाशयांच्या जहाजावर

त्या काळी मध्य इटलीत पोप महाशयांचे स्वतःचे राज्य होते आणि राज्य म्हटले की छोटे नौदलही आले. त्या नौदलाचे प्रमुख कमांडर अलेस्सांद्रो चाल्दी यांना समुद्राच्या लाटा, वाळू आणि पाण्याचा नितळपणा यांत फार रस होता. वरून पाहताना तळ किती खोलीपर्यंत दिसू शकतो, हा प्रश्न खलाशांसाठी जिवाचा असतो. पाणी उथळ आहे की खोल, हे डोळ्यांना कळले नाही तर जहाज खडकावर आदळते. पण नितळपणाबद्दल निरनिराळे खलाशी निरनिराळे सांगत. कोणाचे खरे मानायचे?

चाल्दी यांनी फादर सेक्की यांना मदतीला बोलावले. एप्रिल १८६५ मध्ये रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरातून पोप महाशयांची आगबोट निघाली. तिचे नाव होते इम्माकोलाता कोन्चेत्सिओने, म्हणजे निष्कलंक गर्भसंभव. पोप नववे पायस यांनी १८५४ साली मरियामातेविषयीचे हे श्रद्धासत्य घोषित केले होते आणि त्याचीच आठवण म्हणून बोटीला हे नाव होते.

बोटीवर निरनिराळ्या आकारांच्या आणि रंगांच्या तबकड्या होत्या. सर्वांत मोठी जवळजवळ पावणेचार मीटर रुंद होती. लोखंडी कड्यावर कापड ताणून ते पांढरे रंगवले होते. दुसऱ्या लहान होत्या, साध्या ताटाएवढ्या. पद्धत अगदी सोपी होती. तबकडीला वजन बांधायचे, ती आडवी राहील अशा बेताने दोरीने खाली सोडायची आणि दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहायचे. दोरी किती सोडली ते लिहायचे. मग हळूहळू वर ओढायचे आणि ती पुन्हा दिसू लागली की तेही लिहायचे. किनाऱ्यापासून दूर, स्वच्छ पाण्यात ती चाळीस मीटरांच्या आसपास खोलीपर्यंत दिसली.

एवढ्यावर दुसरा कोणी थांबला असता. फादर सेक्की यांचा मोठेपणा त्यापुढे दिसतो. त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले. तबकडी मोठी घेतली तर काय फरक पडतो? पांढरीऐवजी पिवळी किंवा तपकिरी घेतली तर? सूर्य डोक्यावर असताना आणि तो कलल्यावर किती फरक होतो? आकाश ढगाळ असेल तर? पाहणारा बोटीच्या काठावर उंच उभा असेल किंवा पाण्याजवळ असेल तर? बोटीची सावली पडत असेल तर? प्रत्येक गोष्ट वेगळी करून त्यांनी पाहिली आणि लिहून ठेवली. ताऱ्यांसाठी वापरायचे वर्णपट पाहण्याचे यंत्रही ते बोटीवर घेऊन गेले होते. पाण्यातून येणाऱ्या प्रकाशातला तांबडा रंग आधी नाहीसा होतो आणि हिरवा, निळा मागे राहतो, हे त्यांनी त्यातून पाहिले. समुद्र निळा का दिसतो, याचे उत्तर शोधण्याच्या वाटेवरचे ते एक पाऊल होते. चाल्दी यांनी १८६६ साली लाटांवर जो ग्रंथ छापला, त्यात फादर सेक्की यांचा हा अहवाल आला.

ताटलीचे गुपित

ही तबकडी नेमके काय मोजते? दाट धुक्यात समोरून येणाऱ्या एस.टी.चे दिवे आठवा. गाडी जवळ असते तेव्हा ते दिसतात. ती दूर असेल तर तोच उजेड धुक्यात विरून जातो. पाण्यातही तसेच घडते. सूर्याचा प्रकाश खाली जातो, तबकडीवर आपटून वर येतो. वाटेत काही प्रकाश पाणी गिळून टाकते, तर काही पाण्यातल्या कणांवर आपटून इकडेतिकडे विखुरतो. शेवटी तबकडीचा पांढरेपणा आणि आजूबाजूच्या पाण्याचा उजेड यांत डोळ्याला फरक कळत नाही. तिथे तबकडी नाहीशी होते. पाण्यात गाळ किंवा सूक्ष्म शेवाळ जितके जास्त, तितकी ही खोली कमी.

सूर्यप्रकाश ज्या खोलीपर्यंत वनस्पतींना पुरतो, ती खोली तबकडी दिसेनाशी होण्याच्या खोलीच्या साधारण दोन ते तीन पट असते, असा ढोबळ हिशेब पुढे रूढ झाला. याचा अर्थ मोठा आहे. समुद्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पती प्लवक म्हणतात. झाडाच्या पानात असते तेच हरितद्रव्य त्यांच्यातही असते. पृथ्वीवर वनस्पती सूर्यप्रकाशातून जे अन्न बनवतात, त्यातले जवळपास निम्मे या इवल्या प्लवकांच्या नावावर आहे. त्यांना बारीक जीव खातात, त्या जिवांना लहान मासे, लहान माशांना मोठे मासे आणि शेवटी वसईच्या किंवा मुंबईच्या कोळी भावाच्या जाळ्यात तीच साखळी येते. म्हणून पाण्यात उजेड किती खोल पोहोचतो हे पाहणे, म्हणजे परमेश्वराने सागरात मांडलेल्या पंगतीला किती वाढले आहे, ते पाहण्यासारखेच आहे.

मान आणि परीक्षा

फादर सेक्की यांना यंत्राने आपोआप नोंद व्हावी याचाही ध्यास होता. हवामानाची नोंद घ्यायला माणूस रात्रंदिवस जागा राहू शकत नाही. म्हणून त्यांनी एक मोठे यंत्र बनवले. उष्णतामान, हवेचा दाब, वारा आणि पाऊस यांच्या रेघा ते स्वतःच कागदावर ओढत राही. १८६७ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात या यंत्राला मोठे पारितोषिक मिळाले आणि सुताराच्या मुलाचे नाव युरोपभर झाले.

पण मानामागून परीक्षा आली. सप्टेंबर १८७० मध्ये इटलीच्या सैन्याने रोम घेतले आणि पोप महाशयांचे राज्य संपले. १८७३ साली धर्मसंघांच्या संस्था बंद करण्याचा कायदा रोमलाही लागू झाला. रोमन कॉलेज सरकारजमा झाले. फादर सेक्की यांच्यापुढे मोठाच पेच होता. नव्या सरकारला असा शास्त्रज्ञ हवाच होता आणि त्यांना मानाचे पद देऊ करण्यात आले. ते घेतले असते तर दुर्बिणी, पैसा, मदतनीस, सारे काही मिळाले असते. पण त्यासाठी आपल्या संघबंधूंना आणि पोप महाशयांना अडचणीच्या काळात सोडून गेल्यासारखे झाले असते. शेवटी त्यांनी ते पद नाकारले. तरीही त्यांची कीर्ती एवढी होती, की सरकारने त्यांना वेधशाळेतून हलवले नाही. ज्या घरातून त्यांचे बंधू गेले, त्याच घराच्या माथ्यावर ते काम करत राहिले.

आपण शास्त्रज्ञ आहोत म्हणून श्रद्धा बाजूला ठेवावी, असे त्यांना कधी वाटले नाही. आणि आपण धर्मगुरू आहोत म्हणून मोजमापात सूट घ्यावी, असेही वाटले नाही. वेधशाळेतून खाली उतरले की तेच पाय वेदीकडे जात.

फेब्रुवारी १८७८ मध्ये पोप नववे पायस प्रभूच्या घरी गेले. त्यानंतर तीनच आठवड्यांत, २६ फेब्रुवारी रोजी, पोटाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या फादर सेक्की यांनीही रोममध्ये देह ठेवला. त्यांचे वय एकोणसाठ होते. पुढच्याच वर्षी वेधशाळा येशूसंघाच्या हातून गेली. पण त्यांचे नाव कोणाला घेता आले नाही. चंद्रावरच्या एका विवराला ते दिले आहे आणि २००६ साली सूर्याच्या अभ्यासासाठी सोडलेल्या दोन अमेरिकन यानांवरील उपकरणांच्या संचालाही.

ताटलीनंतर काय झाले?

तबकडी साधी आहे, पण तिला मर्यादा आहेत. ती रात्री चालत नाही. तिच्यासाठी जहाज थांबवावे लागते. दिसेनाशी झाल्यावर त्याखाली काय आहे, ते ती सांगू शकत नाही. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे पाणी गाळाने गढूळ झाले आहे की हरितद्रव्याने हिरवे, हा फरक ती मोजत नाही. आपल्या भीमेचेच पाहा. श्रावणात ती मातीने तांबूस होते, तर खाली उजनीचे साचलेले पाणी उन्हाळ्यात शेवाळाने हिरवट होते. दोन्ही वेळा तबकडी लवकरच नाहीशी होईल, पण कारण निराळे.

म्हणून पुढे दोन वेगळी उपकरणे आली. हरितद्रव्यावर निळा प्रकाश टाकला की ते मंद लाल प्रकाश परत देते. जितका लाल प्रकाश अधिक, तितके हरितद्रव्य अधिक, असा पहिल्या उपकरणाचा हिशेब. दुसरे उपकरण पाण्यात प्रकाशाचा झोत सोडते आणि कणांवर आपटून तो किती विखुरला ते पाहते. तो झाला गढूळपणा. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, की माती कोणती आणि शेवाळ कोणते, ते कळू लागते.

मग जहाज न थांबवता मोजायचे कसे? १९३१ पासून इंग्लंडच्या सर ॲलिस्टर हार्डी यांचे एक यंत्र व्यापारी जहाजांच्या मागे दोराने ओढले जाऊ लागले. त्यात रेशमी कापडाची गुंडाळी हळूहळू सरकते आणि पाण्यातले प्लवक त्यावर अडकतात. कापड किती हिरवे झाले, ते रंगाच्या पट्टीशी ताडून पाहतात. पुढे पंख असलेली यंत्रे आली. जहाज पुढे जात असते आणि मागे पोलादी तारेला बांधलेले हे यंत्र पंख वरखाली करून पृष्ठभागापासून काही शे मीटर खोलीपर्यंत बुडी मारते, पुन्हा वर येते, पुन्हा बुडी मारते. वाटेत त्याचे सेन्सर सतत उष्णतामान, क्षार, हरितद्रव्य आणि गढूळपणा मोजत राहतात. फादर सेक्की यांची ताटली आणि आपोआप रेघा ओढणारे त्यांचे हवामानयंत्र, या दोन्ही कल्पना इथे एकत्र आलेल्या दिसतात.

या ओढत्या सेन्सरांनी एक नवल दाखवले. भर समुद्रात, जिथे पाणी वरून निळेशार आणि रिकामे वाटते, तिथे पुष्कळदा पन्नास ते शंभर मीटर खोलीवर हरितद्रव्याचा दाट थर असतो. वरून थोडा उजेड आणि खालून खतासारखी पोषकद्रव्ये, दोन्ही जिथे मिळतात तिथे प्लवक वस्ती करतात. वरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताच लागत नाही.

आपला अरबी समुद्रही या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सुटले की ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्याजवळ खोलवरचे थंड, पोषक पाणी वर येते आणि समुद्र हिरवा होतो. १९९४ आणि १९९५ मध्ये अमेरिकन संशोधन जहाजाने अशीच वरखाली बुडी मारणारी यंत्रे अरबी समुद्रात ओढून हा बदल ऋतूंप्रमाणे मोजला. त्याच सुमारास आपल्या गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही अरबी समुद्राचा मोठा अभ्यास केला. पणजीजवळ दोना पावला येथे असलेली ही संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनासाठी आपल्यापैकी पुष्कळजण जुन्या गोव्याला जातात, तिथून ती काही फार दूर नाही. आता तर १९९९ पासून भारताचे ओशनसॅट मालिकेतील उपग्रह आकाशातूनच समुद्राचा रंग पाहतात. त्यावरून हैदराबादची सरकारी संस्था, मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे, ते मच्छीमारांना कळवते. पण उपग्रहाला पाण्याचा वरचा थरच दिसतो. खोलातले कळायला अजूनही पाण्यात उतरणारे सेन्सरच लागतात.

आणि जुन्या ताटलीचे काय? २०१० साली कॅनडातील शास्त्रज्ञांनी १८९९ पासूनच्या तबकडीच्या नोंदी आणि हरितद्रव्याची मोजमापे एकत्र केली. जगाच्या समुद्रांतील वनस्पती प्लवक गेल्या शतकात घटत चालले आहेत, असे त्यांनी मांडले. इतर शास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप घेतले, कारण निरनिराळ्या पद्धतींनी केलेल्या नोंदी एकत्र जोडणे सोपे नसते. वाद काहीही असो, हा प्रश्न विचारता आला तो नोंदी होत्या म्हणून. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी जहाजाच्या काठावर वाकून दोरी मोजली, तारीख घातली आणि प्रामाणिकपणे आकडा लिहिला. त्यांनी तो लिहिला नसता, तर पूर्वी समुद्र कसा होता हे सांगायला आज कोणी नसते.

आपली भीमा आणि आपण

नेमके हेच आपल्या नदीचे झाले आहे. भीमेचे पाणी पूर्वी किती नितळ होते, हे वडीलधारी माणसे सांगतात. तळाची वाळू दिसायची, म्हणतात. पण कोणत्या साली, कोणत्या महिन्यात, किती हात खोलपर्यंत, हे कोणी लिहून ठेवलेले आपल्याला मिळत नाही. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस आल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आपण वाचल्या. जलपर्णी तर डोळ्यांसमोरच असते. आपण हळहळतो आणि पुढे जातो. पण नुसत्या हळहळीने पाण्याचा हिशेब राहत नाही.

तबकडी बनवायला खर्च जवळजवळ नाही. वीतभर, म्हणजे वीस सेंटीमीटर व्यासाची पत्र्याची किंवा प्लास्टिकची गोल चकती घ्यायची. तिचे चार भाग करून आलटूनपालटून काळा आणि पांढरा रंग द्यायचा. मधोमध दोरी ओवून खाली वजन बांधायचे आणि दोरीवर दर दहा सेंटीमीटरला खूण करायची. दुपारच्या आधी-नंतर, सावलीच्या बाजूने ती सोडायची. दिसेनाशी होण्याची आणि पुन्हा दिसण्याची खोली लिहायची आणि दोन्हींची सरासरी काढायची. शेजारी तारीख, वेळ, आकाश ढगाळ की निरभ्र, पाऊस झाला होता का, हे लिहायचे. वाहत्या पाण्यात चकती तिरकी जाते, म्हणून तलाव किंवा बंधाऱ्याचे साचलेले पाणी बरे. आपल्या धर्मग्रामातील युवक मंडळाने मोठ्या माणसांना सोबत घेऊन हे महिन्यातून एकदा केले, तर वर्षभरात बारा नोंदी होतील. दहा वर्षांनी त्या वहीचे मोल कळेल. मात्र मुलांनी एकट्याने नदीवर किंवा विहिरीच्या काठावर जाऊ नये, हे आम्ही कळकळीने सांगतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या आपल्या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर मानले आणि पाण्याच्या प्रश्नाकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले. त्याच्या दीडशे वर्षे आधी एक येशूसंघीय धर्मगुरू बोटीच्या काठावर वाकून पांढरी ताटली दिसेनाशी होईपर्यंत पाहत होता. आपल्या डोळ्याला जिथवर दिसते, तिथवर नीट पाहायचे, जे दिसले ते खरे लिहायचे आणि जिथे दिसेनासे होते ती खोलीही तितक्याच खरेपणाने लिहायची, एवढेच त्यांनी केले. निर्मात्याच्या निर्मितीची ही एक सेवाच होती.

फादर सेक्की यांच्यासारखी स्वच्छ नजर आणि चिकाटी परमेश्वराने आपल्या मुलांना द्यावी आणि आपली भीमा पुन्हा नितळ व्हावी, अशी प्रार्थना करू या. आणि प्रार्थनेनंतर एक वही, एक दोरी आणि एक चकतीही घेऊ या.